दिवा विझवण्यासाठी गाडीची सुरक्षा काढून टाकू नका

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या वाहनचोरीच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. चोर कसा आला, गाडी कुठून नेली, पोलिसांनी कुठं नाकाबंदी केली, हे सगळं वाचायला मिळतं. पण आपल्या भागातल्या बऱ्याच चारचाकींचं चोरीपासून रक्षण करणारं इमोबिलायझर नावाचं यंत्र चोर येण्याआधीच गॅरेजात निकामी केलेलं असतं, हे कधी छापून आलेलं मी वाचलं नाही. बहुतेक वेळा मालकाला त्याचा पत्ताही नसतो. हे पत्र त्यासाठी लिहितो आहे.

मी अमळनेरचा ऑटो इलेक्ट्रिशियन. आधी एस.टी.त गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं, निवृत्तीनंतर धुळे रस्त्याला स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. मंगळवारी मंगळग्रह मंदिराला बाहेरगावच्या गाड्या येतात. त्यांतल्या एखाद्या गाडीचा मालक परत निघताना सेल्फ मारतो, इंजिन क्षणभर लागतं आणि बंद पडतं, मीटरवर चावीच्या आकाराचा किंवा गाडीवर कुलूप काढलेला लाल दिवा फडफडत राहतो. मग कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवतं. आमच्याकडचे लोक तर दारातूनच सांगतात, "भाऊ, गाडी चालूच व्हत नही, आते काय करू?" अशा गाडीचं स्टेअरिंगखालचं कव्हर मी काढतो तेव्हा पुष्कळदा दिसतं की कुणीतरी आधीच हात घालून गेलेलं आहे. चावीतली एखादी चिप आतच कायमची बसवून टाकलेली असते, वरून काळी टेप गुंडाळलेली असते. म्हणजे त्या गाडीला आता कुठलीही घासलेली चावी चालते. मालकाला विचारलं तर म्हणतो, "मागे तो दिवा यायचा, पण मिस्तरीनं दुरुस्त केला होता."

ती दुरुस्ती नव्हती. बिघाड जिथं होता तिथंच राहिला आणि गाडीची राखण तेवढी गेली.

हा दिवा कशासाठी आहे हे मालकांनी समजून घेतलं, तर अर्धी फसवणूक जागच्या जागी थांबेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चावीच्या काळ्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक गोल कॉइल बसवलेली असते. चावी फिरवली की ती कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. गाडीतलं इमोबिलायझर युनिट किंवा बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दारं, दिवे, कुलपं सांभाळणारा छोटा संगणक) तो क्रमांक ताडून पाहतं आणि इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, परवानगी देतं. परवानगी मिळाली नाही तर ईसीएम इंजिनाला इंधन देत नाही, काही गाड्यांत स्टार्टरसुद्धा फिरू देत नाही. हे सगळं आपण श्वास घेतो तेवढ्या वेळात होतं. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना असा इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडेही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बहुतेक मोटारींत तो कंपनीतूनच बसून येतो.

लोकांना यातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. रिमोटच्या बटणासाठी जो गोल सेल असतो, तो दार उघडण्या-लावण्यासाठी. तो संपला म्हणून चावी घालून चालू होणारी गाडी बंद पडत नाही. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत मात्र सेल उतरला तर गाडीला चावी "दिसत" नाही. तेव्हा बऱ्याच मॉडेलमध्ये चावी थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली की आतली चिप वाचली जाते आणि गाडी लागते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात हे चित्रासह दिलेलं असतं. ते पुस्तक गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडून असतं, कोणी उघडत नाही, आणि रात्री पारोळ्याच्या पुढं रस्त्यावर उभं राहून टोइंगवाल्याला फोन करतात.

आता दिव्याबद्दल. गाडी लॉक करून उभी असताना दिवा सावकाश लुकलुकतो, ते बरोबर आहे. यंत्रणा जागी आहे, असा त्याचा अर्थ. चावी फिरवल्यावर दोन-चार सेकंद लागून विझला, तेही बरोबर. तो स्वतःची चाचणी घेतो. चावी फिरवल्यावर भराभर लुकलुकत राहिला किंवा विझलाच नाही आणि इंजिन लागून लगेच बंद पडलं, तर चावी ओळखली गेलेली नाही. चौथा प्रकार लोकांना जास्त घाबरवतो. गाडी धावत असताना तो दिवा अचानक लागतो आणि लागलेलाच राहतो. बहुतेक गाड्यांत चावीची तपासणी फक्त चालू करताना होते, त्यामुळे या दिव्यापायी धावती गाडी मध्येच बंद पडत नाही. पण एकदा बंद केली तर पुन्हा लागेलच, याची खात्री नाही. म्हणून असा दिवा लागला तर चहासाठी धाब्यावर थांबून गाडी बंद करू नका, थेट घर किंवा गॅरेज गाठा. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा वेगळा, पान्याच्या आकाराचा वेगळा. गॅरेजला फोन करताना "कुठलातरी लाइट लागला" असं सांगण्याऐवजी मोबाईलवर मीटरचा फोटो काढून पाठवला, तर माझ्यासारख्याचं निम्मं काम तिथंच होतं.

या हंगामात केळीची काढणी उरकल्यावर फैजपूरकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले. गाडी पेट्रोलची, घरची, नीट जपलेली. सकाळी थंड वेळेला लागायची. दुपारी बाजार समितीतून निघताना मात्र चावीचा दिवा भराभर लुकलुकायचा आणि इंजिन दोन सेकंदांत बंद. एका मोठ्या वर्कशॉपनं त्यांना लेखी अंदाज दिला होता. बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदला, दोन्ही चाव्या नव्या घ्या, ईसीएमचं कोडिंग करा. आकडा साठ हजारांच्या घरात. त्या कागदावर स्कॅनरनं वाचलेला बिघाडाचा कोड म्हणून एवढंच लिहिलं होतं की इमोबिलायझर युनिटशी संपर्क तुटला. संपर्क तुटला म्हणून युनिट खराब, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. दुसऱ्या एका मिस्तरीनं त्यांना सांगितलं, "पाच हजारांत बायपास करून देतो, पुन्हा दिवाच येणार नाही." बायपास म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे चिप आत कायमची बसवून चावीची तपासणीच टाळणं. या दोघांच्या मधे सापडलेला माणूस माझ्याकडे आला होता.

मी आधी त्यांच्या घरच्या कपाटातली दुसरी चावी मागवली. तिनंही तेच झालं, म्हणजे चावी निर्दोष. बॅटरी तपासली, ती चांगली होती. मग मॉड्यूलचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून पाहिला, पिना स्वच्छ. त्यानंतर मीटरची एक तार मॉड्यूलच्या अर्थिंगच्या वायरला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितला. तिथं एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. मीटरनं जवळजवळ दोन व्होल्ट दाखवले. ड्रायव्हरच्या पायाजवळचं प्लास्टिक काढलं, तर आत अर्थिंगचा बोल्ट हिरवा झालेला. दाराच्या रबरातून पाणी झिरपत होतं, ते वर्षानुवर्षं तिथंच साचत होतं. सकाळी कसंबसं चिकटणारं ते जोड दुपारच्या उन्हात सैल व्हायचं, मॉड्यूलला पुरता अर्थ मिळायचा नाही आणि ते मधेच मुकं व्हायचं. बोल्ट काढला, पत्र्यावरचा गंज घासला, वायरचं टोक नवं दाबलं, वरून व्हॅसलीन लावलं आणि दाराचं रबर बदललं. रबर हाच त्यातला सगळ्यात महाग पार्ट. गाडी दुपारभर उन्हात उभी करून त्यांना हवी तितक्या वेळा चालू करायला लावली. दिवा लागून विझत होता, जसा विझायला हवा तसा.

ही हकीकत माझ्या हुशारीसाठी सांगत नाही. वर्कशॉपकडे माझ्यापेक्षा कितीतरी महागडं स्कॅनर होतं. पण कोड म्हणजे तक्रार कुठल्या वाटेवर आहे त्याची पाटी. त्या वाटेवर खड्डा नेमका कुठं आहे, हे मीटर हातात घेऊन, गुडघे टेकून बघावं लागतं. ते कोणी करत नाही, कारण पार्ट बदलला की बिल होतं आणि बोल्ट घासला की होत नाही. ग्राहकाच्या खिशातून पैसे काढण्याची ही रीत मला मनापासून खटकते.

आपल्याकडच्या हवेमुळे या दिव्याच्या तक्रारी इतर ठिकाणांहून थोड्या निराळ्या असतात. एप्रिल-मे महिन्यात जळगाव, भुसावळकडे पारा ४५च्या पुढं जातो. बॅटरीचं आयुष्य उन्हानं सगळ्यात जास्त खाल्लं जातं. उन्हाळ्यात तिच्या प्लेटा झिजतात आणि तिचा दम पहिल्या थंडीत उघडा पडतो. म्हणून हा दिवा घेऊन कोणी आलं की चावीची तपासणी झाल्यावर मी पहिला मीटर बॅटरीला लावतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट असतील तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली, तर मॉड्यूल त्या क्षणी झोपी जातं, चावी वाचत नाही आणि दोष इमोबिलायझरच्या माथी जातो. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान व्होल्टेज हवं. नसेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा. केवळ बॅटरी बदलून किंवा तिचे सैल टर्मिनल आवळून हा दिवा गेला, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्याचप्रमाणे नवी बॅटरी बसवल्यावर काही गाड्यांत दिवा थोडा वेळ हट्टानं राहतो. त्यात बिघाड काही नसतो.

उंदीर हे आमच्याकडचं दुसरं मोठं कारण. कापूस, मका, हरभरा ज्या वाड्यात साठवतात, त्याच वाड्यात गाडी उभी करतात. उंदीर बोनेटमधल्या उबेला येतात आणि वायरींचं प्लास्टिक कुरतडतात. तिसरं म्हणजे वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप. इंजिन चकाचक दिसावं म्हणून कपलरवर थेट फवारा मारतात, पाणी पिनांत शिरतं आणि चार-आठ दिवसांनी हिरवा गंज धरतो. बोनेटच्या कडेला एक लहानसा स्विच असतो, बोनेट उघडं की बंद हे तो अलार्मला सांगतो. धुळ्याच्या एका गृहस्थांच्या गाडीचा भोंगा रोज मध्यरात्रीनंतर वाजायचा, शेजारीपाजारी हैराण झाले होते. त्या स्विचमध्ये पाणी गेलं होतं. बदलायला दहा मिनिटं लागली.

चाव्यांबाबत तर एवढं अज्ञान आहे की वाईट वाटतं. रस्त्यालगत मशीनवर घासून दिलेली चावी कुलपात फिरते, दार उघडते, पण तिच्यात चिप नसते. तिनं इंजिन लागून बंद पडणारच, गाडी आपलं काम चोख करते आहे. चिपवाली चावी त्या गाडीत नोंदवून घ्यावी लागते. पारोळ्याच्या एका शिक्षिकेच्या गाडीचा दिवा कधी विझायचा, कधी नाही. त्यांच्या एकाच कड्यात घरातल्या दोन गाड्यांच्या चाव्या होत्या, दोन्हींत चिप. कुलपाजवळ दोन्ही चिपा एकाच वेळी जाग्या व्हायच्या आणि कॉइलला नीट ऐकू यायचं नाही. चाव्या वेगळ्या केल्या, तक्रार मिटली. त्यांच्याकडून मी एक पैसा घेतला नाही.

म्हणून दुसरी चावी जपा. हा दिवा लागला तर घरच्या घरी, बिनखर्चाची पहिली चाचणी तीच. दुसऱ्या चावीनं गाडी सुरळीत लागली तर दोष बहुधा पहिल्या चावीत आहे, गाडीत नाही, आणि कोणी कितीही महागडं मॉड्यूल सुचवलं तरी ते नाकारा. जुनी गाडी घेताना तर हे फारच महत्त्वाचं. जळगावच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात टायर बघतात, रंगाची जाडी बघतात, आणि एकाच चावीवर सौदा करून घरी येतात. दोन्ही मूळ चाव्या मागा. दोन्हींनी गाडी चालू करून बघा. चावी फिरवल्यावर हा दिवा लागून विझतो का, ते पाहा. मुळात लागतच नसेल तर बल्ब काढून ठेवला असण्याची किंवा कोणीतरी यंत्रणा तोडली असण्याची शंका घ्या.

दुकानातून नंतर बसवून घेतलेल्या अलार्मबद्दलही लिहिणं भाग आहे. सेंट्रल लॉक, रिमोट, भोंगा असा संच बसवणारे कारागीर घाईत कंपनीच्या हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) वायरी सोलतात आणि त्यांना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळतात. सोल्डर नाही, पक्का जोड नाही. आपल्याकडच्या खडबडीत रस्त्यांवर वर्ष-दोन वर्षांत तो पीळ सैल होतो. मग कंपनीचा इमोबिलायझर आणि बाहेरचा अलार्म एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि दिवा कुणाचा, हेच कळत नाही. अशा गाडीत मी आधी बाहेरचा संच पूर्ण वेगळा करतो, मग तपासतो.

स्कॅनरबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात, म्हणून तेही स्पष्ट करतो. ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळणारं, मोबाईलला जोडायचं उपकरण मुख्यतः इंजिनचे कोड वाचतं, म्हणजे पी अक्षरानं सुरू होणारे. बॉडीचे कोड बी अक्षराचे, आपसातल्या संपर्काचे यू अक्षराचे. चावीच्या दिव्याचा खरा पुरावा बहुधा बी आणि यूमध्ये असतो. त्यामुळे त्या स्वस्त उपकरणावर "नो कोड" दिसलं म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. पी-०५१३ आला तर चावी जुळत नाही, पी-०६३३ म्हणजे चावीची नोंद ईसीएममध्ये झालेली नाही, यू-०१६७ म्हणजे इमोबिलायझरशी बोलणं तुटलं. हे कोड सगळ्या कंपन्यांना समान आहेत. बी अक्षराचे बरेचसे कोड कंपनीगणिक वेगळे, ते त्या त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातच बघावे लागतात. आणि कोड वाचल्याबरोबर पुसून टाकणारा मिस्तरी असेल तर त्याला थांबवा. आधी कागदावर उतरवून घ्या.

यू कोड असेल तर मी बॅटरी सोडवून निदान-सॉकेटवर, म्हणजे स्कॅनर जोडतात तिथं, कॅनच्या (मॉड्यूल ज्या लाइनवरून एकमेकांशी बोलतात तिच्या) दोन वायरींमधला रोध मोजतो. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रोध असतात, म्हणून मीटरवर ६०च्या आसपास दिसायला हवं. १२० दिसले तर एका बाजूची वाट तुटलेली, शून्याजवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या. इंधनाच्या पंपावर थांबतो तेवढ्या वेळात हे होतं आणि मॉड्यूल बदलायचं की वायर शोधायची, त्याचा निकाल लागतो. पुढं फ्यूज, तोही डोळ्यांनी बघून चालत नाही, दोन्ही टोकांना मीटर लावून बघायचा. मग कुलपाभोवतीची कॉइल. ती तुटलेली असेल तर मीटर तिच्यातून काहीच दाखवत नाही. एवढं सगळं निर्दोष निघालं, तरच मॉड्यूलचं नाव घ्यावं. मॉड्यूल खराब होत नाहीत असं मी म्हणत नाही, होतात. पण रांगेत त्यांचा नंबर शेवटी लागतो.

आता बायपासबद्दल. माझी कळकळीची विनंती आहे की गाडीमालकांनी हे करून घेऊ नये आणि माझ्या व्यवसायबंधूंनी हे करून देऊ नये. इमोबिलायझर काढल्यावर गाडी चोरायला साधं कुलूप तोडण्याइतकीच मेहनत उरते. आणि उद्या गाडी चोरीला गेलीच, तर विमा कंपनी दावा मंजूर करताना दोन्ही मूळ चाव्या मागते. गाडी सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घेणं ही मालकावर पॉलिसीतच घातलेली अट असते. स्वतःच्या हातानं यंत्रणा काढून टाकलेल्या माणसानं तिथं काय उत्तर द्यायचं? एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण रीतसर बसवलेलं असेल, तर विम्याच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपयांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. सवलत लहान आहे, पण सरकारदरबारी या यंत्रणेला मोल आहे, एवढं त्यावरून कळावं. ज्यांनी आधी बायपास करून घेतलं असेल त्यांनी ते काढून मूळ बिघाड शोधून घ्यावा. तो बहुधा वायर, अर्थिंग, बॅटरी किंवा चावी यांतच निघतो.

गॅरेज आणि वर्कशॉपांकडून ग्राहकांनी काय मागावं, तेही लिहितो. जॉब कार्डवर आलेले कोड अक्षर-अंकासह लिहून मागा. बॅटरीचं उभ्या स्थितीतलं आणि सेल्फ मारतानाचं व्होल्टेज लिहून मागा. दुसऱ्या चावीनं तपासलं का, विचारा. अर्थिंग मोजली का, विचारा. पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा. हे विचारल्यावर कोणाला राग येत असेल, तर गाडी तिथून हलवा. मॉड्यूल बदलूनही दिवा तसाच राहिला आणि वर्कशॉप पैसे परत करत नसेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आयोग आहेत. जॉब कार्डवर काही लिहिलेलंच नसेल तर आयोगासमोर दाखवणार काय, म्हणून कागदाचा आग्रह धरा.

शेवटची मागणी आपल्या आयटीआयच्या प्राचार्यांकडे आणि कौशल्य विकास खात्याकडे. माझ्याकडे उमेदवारीला येणारी मुलं चांगली आहेत. इंजिन उघडतात, क्लच बदलतात. पण अर्थिंगवर व्होल्टेज किती पडतं ते मोजायला सांगितलं की त्यांना मीटरची तार कुठं लावायची हे ठाऊक नसतं. दोष त्यांचा नाही, त्यांना तसं कोणी शिकवलेलं नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ या नव्या प्रदूषण-नियमाच्या गाड्या आल्या, प्रत्येकीत अनेक मॉड्यूल आहेत, आणि संस्थेत सरावासाठी उभी असते ती कार्ब्युरेटरची जुनी गाडी. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये इमोबिलायझर असलेली एक तरी गाडी, दोन चाव्या, बी आणि यू कोड वाचणारा एक स्कॅनर आणि डझनभर मल्टिमीटर एवढं आलं, तर रावेरपासून शहाद्यापर्यंतच्या गॅरेजांतून बायपासचा धंदा आपोआप कमी होईल. अपघातग्रस्त गाड्यांमधून काढलेले मीटर, कुलपं, कॉइल आणि मॉड्यूल माझ्याकडे बरेच साठले आहेत. ते टेबलावर मांडून चालू स्थितीतला संच मी स्वतः जोडून देईन, त्याचा मोबदला नको. अमळनेर, पारोळा, चोपडा किंवा एरंडोलच्या संस्थेनं शनिवारचा एक तास दिला, तर चावीचा दिवा कसा तपासायचा हे मुलांना माझ्या परीनं शिकवायलाही येईन. इच्छुक संस्थांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं.

आपला नियमित वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
अमळनेर, जि. जळगाव